रेडिऑलॉजीच्या जागांसाठी आज एवढी चुरस का, आणि त्यावरून निर्णय घ्यावा का?

अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी रेडिऑलॉजी रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, जागा रिकाम्या राहायच्या, असं तिचे सीनियर सांगतात. आज मात्र उत्तम गुण असलेली मुलंही मॅचमध्ये, म्हणजे देशभरच्या रेसिडेन्सी जागांच्या वाटपात, मागे पडताना तिला दिसतात. त्यातच ‘एआय आलं, आता रेडिऑलॉजिस्ट कशाला?’ हे वाक्य तिला प्रत्येक रोटेशनमध्ये ऐकावं लागतं. या शाखेची ओढ खरी आहे की तात्पुरती, आणि आता यात शिरणं शहाणपणाचं आहे का, हे तिला जाणून घ्यायचं आहे. मी इथल्याच एका शिकवणाऱ्या रुग्णालयात रेडिऑलॉजिस्ट आहे आणि रेसिडेंट निवडीच्या मुलाखतींना अनेक वर्षं बसतो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सीनियर सांगतात ते खरं आहे आणि तुम्ही पाहता तेही खरं आहे. पण दोन्हींवरून निर्णय घेऊ नका. अर्जांची गर्दी सांगते ती आज नोकरी शोधणाऱ्यांची परिस्थिती. तुम्ही नोकरी शोधायला निघाल तेव्हाची परिस्थिती त्यात दिसत नाही. हिशेब मांडून पाहा. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला अर्ज, मार्चमध्ये मॅच, मग इंटर्नशिपचं एक वर्ष, रेडिऑलॉजीची चार वर्षं, आणि त्यावर बहुतेक सगळे करतात ती उपशाखेची एका वर्षाची फेलोशिप. म्हणजे मॅच झाल्यापासून पहिल्या नोकरीपर्यंत सहा वर्षं जातात. इतक्या काळात या शाखेचा बाजार पूर्ण उलटा झालेला मी पाहिला आहे, आणि एकदाच नव्हे.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू करू. क्लिंटन सरकारची आरोग्य योजना १९९३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी बारगळली, पण तोवर वातावरण बदललं होतं. मॅनेज्ड केअरचा, म्हणजे विमा कंपन्यांनी उपचारांच्या खर्चावर लगाम ठेवण्याचा, जोर होता. यापुढे फॅमिली डॉक्टरने पाठवल्याशिवाय तज्ज्ञाकडे जाता येणार नाही, तपासण्या कमी होतील आणि तज्ज्ञांना काम उरणार नाही, असं सगळीकडे बोललं जात होतं. नव्या रेडिऑलॉजिस्टना नोकऱ्या खरोखरच मिळेनाशा झाल्या. विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली. मग जे घडलं त्याचा अंदाज फारच थोड्यांना होता. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी सीटी यंत्रं आली आणि लवकरच सोळा, चौसष्ट असे आकडे वाढत गेले. फिल्मच्या जागी संगणकाचा पडदा आला. आपत्कालीन विभागात पोटदुखी आणि डोकेदुखीला सीटी ही नेहमीची पायरी झाली. दशक संपता संपता रेडिऑलॉजिस्टची टंचाई सुरू झाली.

त्यानंतरची काही वर्षं सुगीची होती. नाइटहॉक नावाची कंपनी २००१ मध्ये आयडाहो राज्यात सुरू झाली. तिचे रेडिऑलॉजिस्ट सिडनीत दिवसा बसून अमेरिकेतली रात्रीची स्कॅन वाचत, त्यामुळे इथल्या अनेक ग्रुपांच्या रात्री मोकळ्या झाल्या. पगार चढले. रेडिऑलॉजी, नेत्रविज्ञान, भूलशास्त्र आणि त्वचारोग या चार शाखांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रोड’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळला. सुखाच्या आयुष्याचा रस्ता, असा त्याचा अर्थ. साहजिकच सगळ्यात हुशार मुलं इकडे धावली.

आता त्यांचं काय झालं ते पाहा. २००५ ला मॅच झालेला विद्यार्थी २०११ च्या उन्हाळ्यात नोकरीच्या बाजारात उतरला. दरम्यान २००५ च्या डेफिसिट रिडक्शन अ‍ॅक्टमुळे २००७ पासून इमेजिंगसाठी मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) देत असलेली रक्कम मोठ्या प्रमाणात कापली गेली होती. २००८ च्या मंदीत निवृत्तीची पुंजी आटल्यामुळे ज्येष्ठांनी निवृत्ती पुढे ढकलली होती, आणि पडद्यावर वाचनाचा वेग वाढल्याने तेवढंच काम कमी माणसांत होत होतं. गर्दीतून लढून आत आलेल्या त्या मुलांपैकी कित्येकांनी हव्या त्या शहरात नोकरी नाही म्हणून दुसरी फेलोशिप केली. हे पाहणाऱ्या खालच्या वर्गांनी धडा घेतला आणि २०१३ ते २०१५ या वर्षांत अर्ज इतके रोडावले की चांगल्या नावाच्या रेसिडेन्सी कार्यक्रमांतल्या जागाही मॅचमध्ये भरल्या नाहीत. तुमचे सीनियर सांगतात ती हीच वर्षं.

आणि ज्यांनी तेव्हा, सगळे नको म्हणत असताना, ही शाखा निवडली? २०१५ ला मॅच झालेले २०२१ च्या उन्हाळ्यात फेलोशिप संपवून बाहेर पडले आणि माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला नोकरीचा बाजार त्यांना मिळाला. फेलोशिप संपण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी त्यांच्या हाती करार होते.

विद्यार्थी ज्या वर्षी निर्णय घेतात त्या वर्षाचा बाजार पाहतात आणि सहा वर्षांनी दुसऱ्याच बाजारात उतरतात. एवढी साधी गोष्ट प्रत्येक पिढी नव्याने विसरते. याचा अर्थ आज गर्दी आहे म्हणजे तुम्ही बाहेर पडाल तेव्हा मंदीच असेल, असाही नाही. १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट अ‍ॅक्टने मेडिकेअरच्या पैशावर चालणाऱ्या रेसिडेन्सी जागांवर साधारण १९९६ च्या आकड्याची मर्यादा घातली. ती मुळातून अजूनही उठलेली नाही. २०२० च्या अखेरीस झालेल्या कायद्याने सगळ्या शाखा मिळून एक हजार जागा वाढवल्या, त्याही टप्प्याटप्प्याने. डायग्नोस्टिक, म्हणजे निदानाच्या, रेडिऑलॉजीला वर्षाला हजाराहून थोड्याच अधिक जागा मिळतात. स्कॅनची संख्या त्याहून कितीतरी वेगाने वाढते आहे आणि लोकसंख्येचं वय चढतं आहे. हे गणित पाच-सहा वर्षांत उलटण्याची चिन्हं मला दिसत नाहीत. पण माझ्या अंदाजावर तुम्ही आयुष्य बेतू नये, म्हणून पुढचं लिहितो.

एआयबद्दल. २०१६ मध्ये टोरोंटोत एका परिषदेत एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले की आता रेडिऑलॉजिस्ट घडवणं थांबवायला हवं, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, डीप लर्निंग ही एआयची पद्धत त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. हिंटन यांना पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेलही. इतक्या मोठ्या माणसाचं वाक्य म्हणून ते प्रत्येक मेडिकल स्कूलमध्ये पोचलं, आणि कित्येक चांगली मुलं त्या एका वाक्यामुळे दुसरीकडे गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. अलीकडे हिंटन यांनीच मान्य केलं की आपण फार सरसकट बोललो, आपला रोख फक्त प्रतिमा ओळखण्यावर होता.

चूक नेमकी कुठे झाली ते समजून घ्या, कारण मुलाखतीत हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. फुप्फुसात गाठ आहे की नाही हे ओळखणं आमच्या कामाचा एक तुकडा आहे. ती गाठ तीन वर्षांपूर्वीच्या सीटीतही होती का, तेव्हाच्या रिपोर्टमध्ये तिची नोंद झाली होती का, रुग्णाला पूर्वी कोणता कॅन्सर होता, सर्जनने विचारलेला प्रश्न या स्कॅनने सुटतो का, की त्याला दुसरीच तपासणी हवी आहे, आणि रात्री दोन वाजता फोन करून कुणाला उठवण्याइतकं हे तातडीचं आहे का, हे सगळं त्याच रिपोर्टचा भाग आहे. आज अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या एआय साधनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रेडिऑलॉजीची आहेत. पण त्यातलं जवळपास प्रत्येक साधन एका अरुंद प्रश्नाचं उत्तर देतं: मेंदूत रक्तस्राव आहे का, फुप्फुसाच्या धमनीत गुठळी आहे का. आम्ही ती रोज वापरतो. यादीत चाळिसाव्या क्रमांकावर पडलेलं रक्तस्रावाचं स्कॅन वर आणणारं साधन मला हवंच आहे. एमआरआय कमी वेळात स्वच्छ करून देणारं तर त्याहून जास्त.

तरीही ‘काही होणार नाही’ असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर (स्तनांच्या एक्स-रेवर) झालेली मासाई चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिऑलॉजिस्ट वाचतात. एआयच्या मदतीने वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही, थोडं वाढलंच. छाननीची मॅमोग्राफी, साधे छातीचे एक्स-रे, हाडांचे एक्स-रे, म्हणजे जिथे प्रश्न एकच आणि उत्तर ठरावीक असतं, तिथे पुढच्या पंधरा वर्षांत काम खूप बदलेल असं मला वाटतं. जो रेडिऑलॉजिस्ट आयुष्यभर फक्त तेवढंच वाचू इच्छितो त्याने काळजी करावी. ट्यूमर बोर्डावर, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांवर एकत्र विचार करणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, बसून सर्जन आणि ऑन्कॉलॉजिस्टसमोर एखाद्या यकृताच्या एमआरआयवर ठाम मत देणाऱ्याला मी अजून तरी धोक्यात मानत नाही.

ओढ आत्ता एवढी का वाढली, याला बाजाराशिवायही कारणं आहेत. २०२० च्या साथीत घरून वाचन करता येतं हे प्रशासनांना पटलं आणि ती सोय नंतर राहिली. इतर शाखांमध्ये डॉक्टरांचा दिवस रुग्णाच्या नोंदी भरण्यात आणि संध्याकाळ इनबॉक्समधले निरोप निपटण्यात जाताना विद्यार्थी बघतात. आमचा रिपोर्ट झाला की ते काम संपतं, घरी काही येत नाही. हे आकर्षण खोटं नाही. शिवाय जानेवारी २०२२ पासून स्टेप १ ही डॉक्टरी परवान्याची पहिली परीक्षा फक्त पास-नापास झाली. त्याआधी तिथले कमी गुण पाहून मुलं स्वतःच रेडिऑलॉजीचा विचार सोडत. आता ती गाळणी गेली, सगळ्यांनाच वाव वाटतो, आणि सगळा भार स्टेप २ वर आला.

आता घरून वाचनाबद्दल, कारण हा मुद्दा मला सतत टोचतो. रेडिऑलॉजी मी शिकलो ती शेजारी बसलेल्या माणसाकडून. अटेंडिंग, म्हणजे शिकवणारा वरिष्ठ डॉक्टर, पडद्यावर बोट ठेवून विचारायचा, ‘इथे तुझी नजर का थांबली नाही?’ आणि त्या उत्तराने पुढची दहा वर्षं माझी नजर तिथे थांबायची. आज संध्याकाळी चारनंतर कित्येक रीडिंग रूममध्ये रेसिडेंट एकटा असतो. त्याचा प्राथमिक रिपोर्ट घरी बसलेला अटेंडिंग दुरुस्त करतो आणि सही करतो. दुरुस्ती होते, पण ती का झाली हे बोललं जात नाही. रेसिडेंटला दुसऱ्या दिवशी फक्त बदललेला मजकूर दिसतो. सर्जन खाली येऊन ‘जरा दाखव बघू’ म्हणायचे, तेही थांबत चाललंय, कारण खाली येऊन भेटणार कुणाला? कार्यक्रम निवडताना नाव, शहर आणि फेलोशिपच्या याद्या सगळे बघतात. तुम्ही मुलाखतीच्या दिवशी रेसिडेंटना एकच विचारा: दिवसातला किती वेळ अटेंडिंग तुमच्या शेजारच्या खुर्चीत असतो? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात तेही पाहा. माझ्या मते या एका उत्तरावर तुम्ही कसे रेडिऑलॉजिस्ट होणार ते बरंचसं ठरतं.

दुसरी गोष्ट कामाच्या ओझ्याची. मेयो क्लिनिकमधून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की आठ तासांच्या दिवसात समोरचं काम उरकायचं तर रेडिऑलॉजिस्टला सरासरी दर तीन-चार सेकंदांना एक प्रतिमा पाहावी लागेल. तेव्हापासून काम वाढलंच आहे. त्याच वेळी प्रत्येक रिपोर्टमागे मिळणारा पैसा घटतो आहे. मेडिकेअरचा दर ज्या गुणकावर ठरतो तो २०२० मध्ये ३६ डॉलरच्या थोडा वर होता, २०२५ मध्ये ३२.३५ डॉलर झाला. मिळकत तेवढीच ठेवायची तर जास्त वाचावं लागतं, आणि टंचाईमुळे वाचायला ढीग पडलेलाच असतो. विद्यार्थ्यांना पगाराचा आकडा माहीत असतो. त्या आकड्यामागे दिवसाला किती स्कॅन आहेत हे क्वचितच कुणी विचारतं. थकलेल्या डोळ्यांनी शेवटच्या तासात वाचलेलं स्कॅनही कुणाच्या तरी आईचं किंवा मुलाचं असतं. हा ताण ज्याला जाणवत नाही त्याने ही शाखा घेऊ नये.

इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीबद्दल, म्हणजे पडद्यावर प्रतिमा पाहत सुई-नळीने उपचार करण्याबद्दल, थोडक्यात. २०१२ मध्ये तिला स्वतंत्र मूळ शाखेचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर थेट मॅच होण्याचा एकात्मिक मार्ग सुरू झाला. इंटर्नशिप धरून तो सहा वर्षांचा आहे. जागा फार कमी आहेत. हाताने काम करायची ओढ असेल तर जरूर अर्ज करा, पण डायग्नोस्टिकमधून नंतर तिकडे जाण्याची वाटही खुली असते, त्यामुळे सगळा डाव एकाच यादीवर लावू नका.

ही शाखा आपल्याला झेपेल का, हे ओळखायची एक रीत मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. दुपारच्या इलेक्टिव्हमध्ये एखाद-दुसरी नवलाची केस पाहून मत बनवू नका, तिथे सगळंच सुंदर दिसतं. कॉलवरच्या रेसिडेंटच्या शेजारी पूर्ण रात्र बसा. फोन वाजत असतो, ट्रॉमाची तीन स्कॅन एकदम येतात, आपत्कालीन विभागाला उत्तर दहा मिनिटांपूर्वी हवं असतं, आणि त्यात तुम्हाला एका साध्या अपेंडिक्सच्या सीटीत काठावरची लहानशी विसंगती दिसते. तेव्हा ती सोडून पुढे जावंसं वाटलं की आणखी खोल जावंसं वाटलं? रुग्णाला स्वतः न भेटता, त्याने आभार न मानता, आपण त्याच्यासाठी काही केलं याचं समाधान तुम्हाला पुरतं का? काहींना पुरत नाही. ते उत्तम डॉक्टर असतात, त्यांनी दुसरीकडे जावं.

अर्जाच्या बाजूला या. गर्दी वाढल्यावर कार्यक्रमांनी प्राधान्य-संकेतांची, म्हणजे आवडीच्या मोजक्या ठिकाणांना अर्जासोबत तसं कळवण्याची, पद्धत घेतली. अलीकडच्या फेऱ्यांत डायग्नोस्टिकसाठी सहा सोनेरी आणि सहा रुपेरी संकेत मिळतात. संकेत न पाठवलेल्या ठिकाणी मुलाखतीची शक्यता फारच कमी होते, म्हणून ते सगळे नामांकित जागांवर उधळू नका. जिथे तुम्ही खरोखर राहाल आणि जिथे तुमची कागदपत्रं बसतात अशी निम्मी तरी ठिकाणं ठेवा. संशोधनाची लांबलचक यादी आम्हाला मोहात पाडत नाही. एकाच विषयावर मन लावून केलेलं काम असेल आणि त्याबद्दल पाच मिनिटं नीट बोलता येत असेल तर ते पुरेसं आहे. नीट बोलता येणं महत्त्वाचं आहे, कारण अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिऑलॉजी २०२८ पासून तोंडी परीक्षा परत आणत आहे. मुलाखतीत ‘लाइफस्टाइल’ हे कारण सांगणारी मुलं खोटं बोलत नाहीत, पण तेवढंच सांगितलं तर पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत रिपोर्टमुळे उपचाराची दिशा कशी बदलली हे तपशिलात सांगणारा उमेदवार आमच्या लक्षात राहतो. आणि तुम्ही स्त्री आहात म्हणून हेही सांगतो: या शाखेत स्त्रियांचं प्रमाण अजून सुमारे पाव आहे, याची आम्हाला लाज वाटायला हवी. जिथे स्त्री अटेंडिंग अनेक आहेत आणि बाळंतपणाच्या रजेचा नियम लेखी मिळतो, अशा कार्यक्रमांना तुमच्या यादीत वर ठेवा.

हे उत्तर भारतात एमबीबीएस झालेलेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी. २०१३ ते २०१५ च्या ओसाड वर्षांत परदेशी पदवीधरांना इथे चांगल्या जागा मिळाल्या. आज ती फट अरुंद झाली आहे. तुम्ही मायदेशी रेडिऑलॉजीचं पूर्ण प्रशिक्षण आधीच घेतलं असेल तर अमेरिकन बोर्डाचा पर्यायी मार्ग आहे: एकाच संस्थेत चार वर्षं फेलोशिप किंवा अध्यापन करून बोर्डाच्या परीक्षांना बसता येतं. टंचाईमुळे अनेक विभागांना अशी माणसं हवी आहेत, आणि मॅचच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा तुमच्यासाठी ही वाट जास्त खरी आहे. संस्थेशी बोलताना चारही वर्षांची हमी आणि व्हिसाचा प्रकार लेखी घ्या. मधल्या वर्षी संस्था बदलली तर मोजणी अडचणीत येते.

शेवटी एक तांत्रिक बाब. रेडिऑलॉजीच्या बहुतेक जागा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असतात, म्हणजे त्यात इंटर्नशिपचं वर्ष धरलेलं नसतं. त्यासाठी मेडिसिन, सर्जरी किंवा ट्रान्झिशनल (वेगवेगळ्या विभागांत फिरण्याच्या) वर्षाला वेगळा अर्ज, वेगळ्या मुलाखती आणि रँक लिस्टमध्ये, म्हणजे पसंतीक्रमाच्या यादीत, प्रत्येक अ‍ॅडव्हान्स्ड जागेला जोडलेली वेगळी पुरवणी यादी लागते. रेडिऑलॉजी मिळाली पण इंटर्नशिप नाही, अशी मुलं मॅचच्या आठवड्यात धावपळ करताना मी पाहिली आहेत. ट्रान्झिशनल वर्षाच्या जागांसाठी त्वचारोग आणि नेत्रविज्ञानाची मुलंही रांगेत असतात, तेव्हा फक्त त्यांवर अवलंबून राहू नका. तुमच्याच रुग्णालयातल्या मेडिसिनच्या प्रिलिमिनरी वर्षालाही अर्ज टाका आणि प्रत्येक पुरवणी यादी शेवटपर्यंत भरा.